लसूण, अ‍ॅलिसिन आणि बीपीची गोळी

ए-१०२, काकू: सकाळचा फॉरवर्ड वाचलात का? उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या अख्ख्या गिळायच्या, त्यातल्या अ‍ॅलिसिनने बीपीची गोळी सुटते म्हणे. आमच्या ह्यांनी आज गोळी घेतलीच नाही.

सी-३०४, ताई: काकू, आधी डॉक्टरांना फोन लावा. गोळी अचानक बंद केली की बीपी एकदम चढू शकतं. मी फार्मसी शिकवते, बाकीचं सविस्तर लिहिते.

ए-१०२, काकू: लावते लगेच.

सी-३०४, ताई: फॉरवर्डमध्ये ज्या अ‍ॅलिसिनचं, म्हणजे लसणातल्या उग्र वासाच्या संयुगाचं, एवढं कौतुक चाललंय, ते अख्ख्या पाकळीत जवळपास नसतंच. पेशीत एकीकडे अ‍ॅलिइन हे सल्फरयुक्त संयुग असतं आणि वेगळ्या कप्प्यात अ‍ॅलिनेज हे एन्झाइम. पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली की दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार व्हायला लागतं. म्हणूनच न सोललेल्या लसणाला तो उग्र वास नसतो. पाकळी न चावता गिळली, तर पोटातल्या आम्लात एन्झाइम निकामी होतं. म्हणजे फॉरवर्डमधली रीतच उलटी आहे.

बी-२०१: मग फोडणीत टाकलेला?

सी-३०४, ताई: उष्णतेनेही एन्झाइम मरतं. ठेचून दहाएक मिनिटं ठेवला आणि मग आचेवर टाकला, तर तोवर अ‍ॅलिसिन बनलेलं असतं. तेही टिकाऊ नाही, त्याची दुसरी सल्फरयुक्त संयुगं होतात. त्यांतही काही गुण आहेत, त्यामुळे शिजवलेला लसूण वाया गेला असं समजू नका.

बी-२०१: पण लसूण जंतू मारतो हे तर खरं ना?

सी-३०४, ताई: प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत नक्की मारतो. कॅव्हालिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळं काढलं, तेव्हाच हे दिसलं होतं. जंतूंच्या एन्झाइममधल्या सल्फरच्या गटांना ते चिकटतं आणि त्यांचं काम थांबवतं. शरीरात मात्र ते इतक्या झपाट्याने बदलतं की कच्चा लसूण खाल्ल्यावरही रक्तात अ‍ॅलिसिन सापडत नाही. त्यामुळे अँटिबायोटिकच्या जागी लसूण कृपया देऊ नका.

बी-४०३, आजोबा: कोलेस्टेरॉलचं काय?

सी-३०४, ताई: आजोबा, २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९२ जणांवर सहा महिने चाचणी केली. कच्चा लसूण, पावडरच्या गोळ्या, मुरवलेल्या लसणाच्या अर्काच्या गोळ्या, कशानेच एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लक्षणीय उतरलं नाही. बीपीचं चित्र जरा बरं आहे. ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांच्यात काही चाचण्यांत थोडी घट दिसली. पण तेवढ्यावर कुणाची गोळी सुटत नाही.

ए-१०२, काकू: डॉक्टरांशी बोलणं झालं. आत्ता घ्या म्हणाले, घेतली. उद्यापासून नेहमीच्या वेळेला.

सी-३०४, ताई: फार बरं वाटलं, काकू.

ए-३०१: बाळाला सर्दी आहे. तळपायाला ठेचलेला लसूण बांधू का?

सी-३०४, ताई: अजिबात नको! कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात. बाळाची त्वचा तर फारच नाजूक. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बी-४०३, आजोबा: माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि लसणाच्या कॅप्सूल चालू आहेत.

सी-३०४, ताई: आजोबा, आजच सर्जनना कळवा. लसणामुळे रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही सांगा. कॅप्सूलची बाटली सोबत न्या, ऑपरेशनच्या किती दिवस आधी थांबवायच्या ते सर्जनच ठरवतील.