मदत हवी आहे : सेदेरच्या रात्री आईची साखर कशी सांभाळावी?

लोदची_लेक
पेसाख या ज्यू सणाचा सेदेर, म्हणजे विधिवत जेवण, यंदा 1 एप्रिल 2026 च्या रात्री आहे आणि माझ्या हातात जेमतेम आठवडा उरला आहे. गेल्या वर्षी हग्गादाचे (सेदेरला वाचायच्या पोथीचे) वाचन चालू असतानाच आईची साखर 58 वर आली, तिला दरदरून घाम फुटला, आणि पहाटे मोजली तेव्हा तीच साखर 290 झाली होती. दवाखान्यात विचारले तर “मात्सा खाऊ नका” एवढेच उत्तर मिळाले. पण जिने जन्मभर ही बिनखमिराची भाकरी चुकवली नाही, तिला हे सांगायचे कोणी? कृपया नेमका उपाय सांगा.

ठाण्याचे_काका
ताई, आपण बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आपल्याला पेसाखात भात चालतो. आमच्याकडे दोन सेदेर होतात, तरी मात्सा नेमापुरती खातो आणि बाकी आठही दिवस तांदळाची भाकरी असते. मला 20 वर्षे मधुमेह आहे; काही त्रास नाही.

औषधवाली
काका, भात चालतो हे धर्माचे उत्तर झाले, साखरेचे नव्हे. 150 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके असतात आणि 30 ग्रॅमच्या एका मात्सेत साधारण 24, तेव्हा वाटी भरून भात घेतला तर फायदा काहीच नाही. ताई, आई कोणती औषधे घेतात आणि किती वाजता, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

अशदोदवासी
स्पेल्टची (गव्हाच्या एका जुन्या जातीची) मात्सा आणा. माझ्या वडिलांना तीच मानवते.

औषधवाली
स्पेल्टमध्येही कर्बोदके जवळजवळ तितकीच असतात. अख्ख्या गव्हाच्या मात्सेत निदान तंतू अधिक मिळतो.

रामलेकर
माझ्या आत्याला किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) उपवासाला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती आणि हझानांनीही (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) ती मान्य केली होती.

लोदची_लेक
रामलेकर, प्रश्न उपवासाचा नाही. आई सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन आणि संध्याकाळी सातला ग्लिमेपिराइड घेते, कारण एरवी आम्ही साडेसातला जेवतो. इन्सुलिन नाही. सेदेर भावाकडे असतो. वहिनी अश्कनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यू) असल्यामुळे त्या घरात पेसाखात भात, डाळ, चणे काहीच नसते. किद्दुशला (पेल्यावरच्या आशीर्वादाला) आई काळ्या मनुकांचे शरबतच घेते.

औषधवाली
मग गेल्या वर्षीचा उलगडा तिथेच आहे असे मला वाटते. साखर उतरवणारे ग्लिमेपिराइड सातला पोटात गेले आणि जेवण साडेनऊला आले, म्हणून साखर उतरली. पुढे मात्सा, कोरेख (कडू भाजीसह मात्सा), अफिकोमान (शेवटी खायचा मात्सेचा तुकडा) आणि शरबताचे पेले एकामागून एक आले, म्हणून ती चढली. त्या रात्री गोळी कधी आणि किती घ्यायची हे डॉक्टरांना याच शब्दांत विचारा. स्वतःहून बदलू नका.

अशदोदवासी
शरबताऐवजी कोरडी वाइन द्या, साखर नगण्य असते.

औषधवाली
यावर माझा ठाम आक्षेप आहे. मद्यामुळे यकृताचे रक्तात साखर सोडण्याचे काम मंदावते, आणि रिकाम्या पोटी, तेही ग्लिमेपिराइडवर असताना, मध्यरात्री झोपेत साखर घसरण्याची भीती असते. द्राक्षरसात 100 मिलिलिटरला सुमारे 15 ग्रॅम साखर असते, मनुकांच्या शरबताचे प्रमाण तुम्ही किती दाट करता त्यावर ठरेल. म्हणून पेलाच लहान घ्या.

ठाण्याचे_काका
हे मात्र मला पटले. अनेक जण 86 मिलिलिटरचा पेला पुरेसा मानतात आणि त्यातला निम्म्याहून अधिक प्यायला तरी चालतो. दुसरे असे, की सेदेरच्या दिवशी आधी मात्सा खायची नसते, पण दुपारी उशिरा उकडलेले अंडे किंवा भाजी थोडी खाल्लेली चालते. आई त्या दिवशी काहीच खात नाहीत का?

लोदची_लेक
काहीच नाही, काका. मात्सेआधी तोंड उष्टे करायचे नाही, असे ती मानते.

ठाण्याचे_काका
तर हझानांकडून त्यांना फोन करवा. तुमचे ऐकणार नाहीत, त्यांचे ऐकतील. आणि साखर उतरलीच, तर वाचन थांबवून लगेच ग्लुकोज द्यायचे, त्यावरच्या हेखशेरची (धर्ममान्यतेच्या शिक्क्याची) वाट पाहायची नाही. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, पेसाखाहून मोठे आहे.

औषधवाली
15 ग्रॅम ग्लुकोज द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शिवाय त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) शेवटचे कधी तपासले?

लोदची_लेक
दीड वर्ष झाले. रविवारी दवाखाना उघडला की तपासणी आणि गोळीची वेळ, दोन्ही विचारते. हझानांना आताच फोन लावते.