वाल्डनरची थोरवी पदकांवर मोजावी का?

डावखुरा:
परवा ‘आकडेमोड’ यांनी येथे लिहिले की स्वीडनचा टेबल टेनिसपटू यान-ओवे वाल्डनर हा ऑलिंपिकच्या एकाच सुवर्णपदकाचा धनी असून त्याचे कौतुक म्हणजे पन्नाशी उलटलेल्यांचे स्मरणरंजन आहे. दुर्लक्ष करणार होतो, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून गेले नाही. 1992 मध्ये बार्सिलोनाला त्याने अंतिम सामन्यात फ्रान्सच्या गातिएँला एकही गेम न देता हरवले, हे खरे आहे. परंतु त्याची कारकीर्द त्या एका सामन्यापुरती नव्हती. 1989 मध्ये डॉर्टमुंडला तो जगज्जेता झाला आणि त्याच स्पर्धेच्या सांघिक अंतिम फेरीत स्वीडनने चीनला 5-0 असे लोळवले. आठ वर्षांनी मँचेस्टरला तो पुन्हा जगज्जेता झाला, तेही संपूर्ण एकेरी स्पर्धेत एकही गेम न गमावता. 2000 मध्ये सिडनीला, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने चीनच्या लिऊ गुओलियांगला उपांत्य फेरीत घरी पाठवले आणि चीनच्याच कोंग लिंगहुईला अंतिम सामन्यात पाचव्या गेमपर्यंत खेचले. चीनने एकामागून एक पिढ्या घडवल्या आणि हा माणूस प्रत्येक पिढीसमोर टेबलाच्या पलीकडे उभाच होता. चिनी प्रेक्षक त्याला ‘लाओ वा’ म्हणतात, म्हणजे आपण एखाद्याला अण्णा म्हणावे तसे. प्रतिस्पर्धी देशाने इतक्या आपुलकीने हाक मारलेला दुसरा युरोपीय खेळाडू कोणी सांगावा.

आकडेमोड:
अण्णा म्हटल्याने वाद जिंकता येत नाही. चीनच्या मा लाँगने रिओ आणि टोकियो येथे एकेरीची सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली आणि 2015, 2017 व 2019 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदेही. चीन क्षणभर बाजूला ठेवू. युरोपीय एकेरी विजेतेपद जर्मनीच्या टिमो बोलने आठ वेळा पटकावले, तर आपल्या अण्णांनी एकदाच, 1996 मध्ये. 1991 ची जागतिक अंतिम लढत ते स्वतःच्याच संघातील पेरसनकडून हरले. शिवाय भक्तगण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात, ती म्हणजे 2002 पर्यंत सर्व्हिस करताना चेंडू हाताआड झाकता येत असे. समोरच्याला फटकाच दिसत नसेल, तर सर्व्हिसच्या जादूचे कौतुक किती करायचे?

माजी पंच:
सर्व्हिसचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे जिल्हा स्पर्धांत पंचगिरी केली आहे. चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर उडाला पाहिजे आणि बॅट लागेपर्यंत तो समोरच्या खेळाडूला दिसत राहिला पाहिजे, असा नियम आहे. पंच मात्र बसतो जाळ्याच्या रेषेत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला काय दिसले हे त्याने कडेला बसून ठरवायचे. एका चौदा वर्षांच्या मुलाला मी लागोपाठ दोन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या सर्व्हिसचा दंड, दिले, तेव्हा त्याच्या वडिलांनी भर सभागृहात माझ्या चष्म्याचा उद्धार केला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

एका खेळाडूची आई:
चष्म्याविषयी मी काही म्हणत नाही. माझ्या मुलीने उपांत्यपूर्व सामन्यात चार गेम एकच सर्व्हिस केली आणि पंचांनी चकार शब्द काढला नाही. पाचव्या गेममध्ये 9-9 असताना मात्र त्यांना साक्षात्कार झाला आणि फॉल्ट मिळाला. नियम योग्यच असेल, पण त्याची आठवण पहिल्या गुणाला का होत नाही? त्या रात्री मुलगी जेवली नाही. हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते.

माजी पंच:
गुणफलक पाहून नियम बदलत नाही. पहिल्या चार गेममध्ये पंचांकडून चूक झाली म्हणून पाचव्यातही ती व्हावी, ही मागणी अजब आहे. मुलीला चुकीची सर्व्हिस शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना आपण काही विचारले का? की सगळा राग खुर्चीवरच्या माणसासाठी राखून ठेवला आहे?

एका खेळाडूची आई:
प्रशिक्षकांना मी महिन्याचे शुल्क देते, त्यामुळे त्यांना जे विचारायचे ते विचारते. आपल्याला विचारण्यासाठी मात्र प्रवेशशुल्कही पुरत नाही.

दिल्लीचा साक्षीदार:
कृपया थोडे थांबावे. 1987 च्या दिल्लीतील जागतिक स्पर्धेची अंतिम लढत मी गॅलरीतून पाहिली. एकवीस वर्षांचा वाल्डनर चीनच्या जियांग जियालियांगकडून हरला, आणि तरी घरी येताना मी त्याच्याविषयीच बोलत होतो. समोरचा ज्या जागेवरून नुकता हलला असेल, नेमक्या त्याच जागी तो चेंडू टाकत असे, तेही जोर न लावता. हे आकड्यांत कसे बसवायचे, हे ‘आकडेमोड’ यांनी सांगावे.

डावखुरा:
झाकलेल्या सर्व्हिसचे उत्तर देणे राहिले आहे. मुभा होती ती सर्वांनाच होती; लिऊ आणि कोंग काय चेंडू तबकात ठेवून देत होते? वाल्डनरची खरी करामत मनगटात होती. सर्व्हिसच्या वेळी तो बॅट अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून मनगट मोकळे सोडत असे आणि हाताच्या एकाच झोकातून कधी भरपूर फिरकी, तर कधी अजिबात नाही, असा चेंडू देत असे. फटका दिसूनही तो कळत नसे. पुरावा हवा असेल तर 2004 चे अथेन्स पाहावे. तोवर चेंडू 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला होता, गेम 21 वरून 11 गुणांचा झाला होता आणि सर्व्हिस झाकण्यावर बंदी येऊन जवळपास दोन वर्षे झाली होती. अडतीस वर्षांच्या वाल्डनरने तेथे चीनच्या मा लिनला 4-1 आणि पुढे आपल्या लाडक्या बोललाही 4-1 असेच हरवले.

आकडेमोड:
अथेन्सचा मुद्दा मान्य करतो, कारण तो आकड्यांत आहे. तिसऱ्या क्रमांकाची लढत चीनच्या वांग लिचिनने जिंकली आणि आपले अण्णा चौथे आले, हेही आकड्यांतच आहे. चौथ्या क्रमांकाचा इतका जल्लोष मी प्रथमच पाहतो आहे. एवढे मात्र म्हणेन की ‘स्मरणरंजन’ हा शब्द जरा जास्त झाला. ‘भक्ती’ म्हणू.

एका खेळाडूची आई:
वाल्डनरची जुनी चित्रफीत काल मुलीला दाखवली. तिने एकच प्रश्न विचारला, “आई, यालाही फॉल्ट दिला असता का?” पंचांनीच उत्तर द्यावे.

माजी पंच:
2002 नंतर अशी सर्व्हिस केली असती, तर दिला असता. 9-9 वरही दिला असता.