व्हायरॉलॉजीत पीएचडी: गाइडचा एच-इंडेक्स कितपत बघायचा?

मिरजकर_आर
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण एमएस्सी मायक्रो झालीये, नेट निघालंय, फेलोशिप आहे, आता गाइड ठरवायचाय. गूगल स्कॉलरवर दोन प्रोफाइल बघितल्या. एका सरांचा एच-इंडेक्स ४१ आणि सायटेशन्स बारा हजारांच्या वर, दुसऱ्या मॅडमचा १५ आणि सायटेशन्स हजाराच्या आत. घरचे म्हणतायत डोळे झाकून सरांकडे जा. मी बँकेतला माणूस, यातलं ओ का ठो कळत नाही. हा आकडा नक्की सांगतो काय?

पिपेटवाला
एच-इंडेक्स १५ म्हणजे असे १५ पेपर ज्यांना प्रत्येकी निदान १५ वेळा तरी कुणीतरी सायटेशन दिलंय, म्हणजे आपल्या पेपरात त्यांचा दाखला दिलाय, बास. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये काढलेली युक्ती आहे ही. हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे वयाने मोठा माणूस आपोआपच पुढे असतो. प्रोफाइलवर उजवीकडे वर्षवार ग्राफ असतो तो बघा. २०२० नंतर, म्हणजे कोविडच्या काळात, एकदम मनोरा उभा राहिलेला दिसला तर कुठल्या पेपरमुळे ते उघडून बघा आणि त्यात सरांचं नाव कितवं आहे तेही बघा. आमच्याकडे शेवटचं नाव सहसा लॅबच्या प्रमुखाचं आणि पहिलं ज्याने खरं काम केलं त्याचं असतं, मधे तीसेक जणांत नाव असलं तरी गूगल सायटेशन्स पूर्णच धरतं 😄

वऱ्हाडी_पाव्हना
यात विषयाचाही मोठा भाग आहे भाऊ. आमच्या नागपूरकडचंच घ्या. १९६५ ला तिथे डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ चालू असताना तापाच्या दोन पेशंटच्या रक्तातून एक नवाच व्हायरस सापडला, गावाच्या नावावरून चांदीपुरा. काम पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचं, म्हणजे आताची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांचा पेपर १९६७ ला आला, तोही इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये. तापाचा एक किरकोळ व्हायरस म्हणून कित्येक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. मग २००३ ला आंध्रात लहान पोरांना मेंदूज्वर झाला, ३२९ आजारी आणि १८३ दगावली, नमुन्यांत हाच व्हायरस निघाला आणि पुढच्या वर्षी लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये पेपर. २००७ ला आमच्या नागपूर विभागात, २०२४ ला गुजरातेत परत. म्हणजे १९९५ ला कुणी त्या दोघांची सायटेशन्स मोजून माणूस जोखायला बसला असता तर काय कळलं असतं त्याला? हा व्हायरस पसरवणाऱ्या वाळूमाशीवर काम करणाऱ्याला आजही एचआयव्हीवाल्याएवढी सायटेशन्स मिळणार नाहीत, कारण त्या विषयावर लिहिणारेच मूठभर.

डॉ_कंटाळा
चांदीपुराचं बरोबर आहे पण कमी सायटेशनचा प्रत्येक पेपर काही झोपलेला हिरा नसतो हो, बरेच नुसतेच झोपलेले असतात. इथे कुणी नोबेल द्यायला बसलेलं नाही, पोरीला पाच वर्षं काढायचीत. तिला सांगा दोघांचेही गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढ आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघ. दरवेळी वेगवेगळे विद्यार्थी असतील तर चांगलं, एकाच लाडक्या पोस्टडॉकचं (पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये काम करणाऱ्याचं) असेल तर सावध. त्या विद्यार्थ्यांना मेल टाका, कितव्या वर्षी थिसिस दिला ते विचारा, मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला पैसे असतात का ते पण विचारा. आणि व्हायरस वाढवायचे असतील तर त्या लेव्हलची बायोसेफ्टी लॅब आहे का, की नमुने दुसरीकडे पाठवून वाट बघत बसायचं? हे स्कॉलरवर कुठेच दिसत नाही.

मिरजकर_आर
बहिणीला वाचून दाखवलं सगळं, ती मॅडमच्या विद्यार्थ्यांना आजच मेल करतीये. एक राहिलंच, सरांचा एक कोविडवाला पेपर मागे घेतला असं कुणीतरी म्हणालं, मग त्याची सायटेशन्स वजा होतात का?

पिपेटवाला
नाही होत, तिथेच तर गंमत आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा तो गाजलेला लॅन्सेट पेपर मे २०२० मध्ये आला आणि ४ जूनला मागे घेतला, तरी नंतर लोक त्याचे दाखले देतच राहिले. पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, पेपरचं नाव टाका, मागे घेतला असेल तर वरच लाल पट्टी दिसते. आणि मागे का घेतला ती नोटीस वाचा, कधी साधी चूक असते आणि लेखकाने स्वतःहून घेतलेला असतो, त्यात सरांचा काही दोष नाही. कारण डेटाच मिळत नाही असं लिहिलेलं असेल तर मात्र मी तिथे जाणार नाही.