मदत हवी आहे : बाळंतिणीने दिवसाला नेमके किती पाणी प्यावे?

वऱ्हाडची लेक :
मला एकच आकडा हवा आहे आणि तो कुणीही धड सांगत नाही. आई दिवसाला चार तांबे ओव्याचे पाणी उशाशी ठेवते, पण माठातले साधे पाणी मागितले की "पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल" असे म्हणून विषय संपवते. डॉक्टर "भरपूर पाणी प्या" एवढेच म्हणाले. भरपूर म्हणजे किती, हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही. बाळ प्यायला लागले की दोन मिनिटांत माझ्या घशाला कोरड पडते. यामुळे दूध आटेल का? कृपया लिटरमध्ये उत्तर द्यावे, प्रवचन नको.

केतकी_पुणे :
आकडा देता येईल, पण आधी काही गोष्टी कळायला हव्यात. प्रसूतीला किती दिवस झाले, ती नैसर्गिक होती की सिझेरियन, गाव कोणते, बाळ दिवसातून किती दुपटी ओली करते, आणि मुख्य म्हणजे तुमचा तांबा केवढा आहे? आमच्याच घरात एक तांबा अर्ध्या लिटरचा आहे आणि दुसरा सव्वा लिटरचा.

दुबईकर :
एवढ्या चौकशीची काहीच गरज नाही, सरळ चार लिटर पाणी प्यावे. माझ्या पत्नीने दोन्ही बाळंतपणांत एक लिटरची बाटली दिवसातून चार वेळा रिकामी केली आणि दुधाची ददात कधी पडली नाही.

निवृत्त परिचारिका :
दुबईकर, तुमच्या पत्नीला दूध भरपूर आले हे चांगलेच झाले, पण ते चार बाटल्यांमुळे आले असे म्हणता येत नाही. बाळ जितके ओढते आणि स्तन जितके रिकामे होतात, तितके दूध तयार होते. तहान नसताना जास्तीचे पाणी रिचवल्याने ते वाढते असे दिसलेले नाही.

ताईंना आकडाच हवा आहे, तर तो असा आहे. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २ लिटर, गरोदरपणी २.३ लिटर आणि अंगावर पाजताना २.७ लिटर हे प्रमाण ठरवले, तर अमेरिकेतील तज्ज्ञांनी गरोदरपणी ३ आणि पाजताना ३.८ लिटर सांगितले. यांत वरण, ताक, पेज, दूध, अळिवाची खीर, फळे या सगळ्यांतून पोटात जाणारे पाणी धरलेले असते. हा काही पेल्यांचा हिशोब नव्हे. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध घेते, म्हणून ही वाढीव गरज आहे. पाजायला घेताच लागणारी तहान स्वाभाविक आहे, कारण दूध उतरवणारे ऑक्सिटोसिन स्रवते त्याच वेळी ती लागते. तेव्हा पेला हाताशी असावा.

सूर्यकांत_नाशिक :
पाणी कोणत्या भांड्यात ठेवता, हे कुणीच विचारलेले नाही. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणीच प्यावे आणि फिल्टरचे पाणी टाळावे.

केतकी_पुणे :
काका, प्रश्न पाण्याच्या मापाचा आहे, भांड्याच्या धातूचा नाही.

वऱ्हाडची लेक :
सगळ्यांना एकदाच उत्तर देते. आज अठरावा दिवस आहे, प्रसूती नैसर्गिक झाली आणि टाके आहेत, गाव अकोला आहे. बाहेर ४४ अंश तापमान असताना बाळंतिणीच्या खोलीत कूलर बंद आणि शेकाची शेगडी सुरू, अशी परिस्थिती आहे. बाळाची आठ-नऊ दुपटी ओली होतात. मला लघवी गडद पिवळी होते आणि शौचाला खडा होतो. तांबा आत्ताच दुधाच्या मापाने मोजला. गळ्यापर्यंत साडेसहाशे मिलिलिटर भरला.

निवृत्त परिचारिका :
बाळाची दुपटी पाहता दूध पुरेसे आहे. कोरड पडली आहे ती तुम्हाला. पण चार तांबे म्हणजे २.६ लिटर झाले, वर जेवणातले पाणी वेगळे. एवढे पोटात गेले तर, अकोल्याचा उन्हाळा धरूनही, लघवी इतकी गडद राहणे मला पटत नाही. चारही तांबे खरोखर संपतात का?

वऱ्हाडची लेक :
नाही. दोन तसेच परत जातात. ओव्याचा वास नकोसा होतो हे एक कारण आहे, पण खरे सांगायचे तर लघवीला बसले की टाक्यांना इतके झोंबते की मीच पाणी टाळते. हे आईला सांगितलेले नाही.

निवृत्त परिचारिका :
हे आधी सांगायला हवे होते. पाणी कमी प्यायल्याने लघवी तीव्र होते आणि ती टाक्यांना अधिकच झोंबते. लघवी करताना मगाने कोमट पाण्याची धार सोडत राहावे, आग बरीच कमी होते. मात्र अठराव्या दिवशीही एवढी जळजळ असेल, तर उद्याच टाके दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. ताप, थंडी किंवा कमरेच्या वर दुखणे असेल, तर उद्याचीही वाट पाहू नये.

मालती_सांगली :
आईंना बोल लावण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की, विहिरीचे आणि नदीचे पाणी सरसकट प्यायले जात असे, त्या काळी ओव्याच्या निमित्ताने ते उकळले जात होते. पोट मात्र ताणलेल्या स्नायूंमुळे सुटलेले दिसते, पाण्यामुळे नव्हे. आणि आईने माठातले पाणी प्यायल्याने बाळाला सर्दी होत नाही. ओवा सोसत नसेल, तर उकळून निववलेले साधे पाणी प्यावे.

सातवा_महिना :
मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या पायांवर संध्याकाळी सूज येते, म्हणून सासूबाई पाणी कमी करायला सांगतात. ते बरोबर आहे का?

निवृत्त परिचारिका :
नाही, पाणी कमी करू नये. संध्याकाळची पायांवरची सूज गरोदरपणात बहुधा येतेच. चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज आली, डोके ठणकले अथवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर रक्तदाब त्वरित तपासून घ्यावा. बाळंतपणानंतरही सुमारे सहा आठवडे हे लक्षात ठेवावे.

वऱ्हाडची लेक :
चार दिवसांनी लिहिते आहे. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला आणि पाजताना चालणारे औषध मिळाले. मगाची युक्ती पहिल्याच दिवशी लागू पडली. आईला सगळे सांगितले, तेव्हा ती आधी चिडली. आता मात्र मी बाळाला मांडीवर घेतले की न मागता पेला आणून ठेवते. कूलर बाळावर झोत येणार नाही असा दाराबाहेर लागला आहे. पाणी अजून ओव्याचेच आहे, पण ओवा चिमूटभरावर आला आहे.

सूर्यकांत_नाशिक :
पेला तांब्याचा आहे की स्टीलचा, हे आपण अद्याप कळवलेले नाही.