कासवालाच वेग का? फास्टबॅक वाचलेल्यांना एक प्रश्न

पाठीवर_घर:
छोटी कॉमिक काढायला घेतली आहे. नायक प्राणी आहे आणि त्याची शक्ती एकच, अफाट वेग. ज्याला सांगावं तो चित्ता किंवा हरीण सुचवतो. माझ्या डोक्यात मात्र डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीच्या झू क्रूमधला, म्हणजे प्राणी-सुपरहिरोंच्या संघातला फास्टबॅक बसलाय, टिमी जो टेरापिन. वाऱ्यासारखं धावणारं कासव! पण मित्र म्हणतो, ‘हा एका पानाचा विनोद आहे. दुसऱ्या पानावर वाचक कंटाळेल.’ तुम्हाला काय वाटतं? कासव नायक म्हणून टिकतो का?

जुना_गठ्ठा:
टिकतो, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण या पात्राला लोक फार लवकर हसून सोडून देतात.

आधी त्याची वंशावळ बघा. डीसीत वेगवान कासव 1944 सालीच आलं होतं. ‘फनी स्टफ’च्या पहिल्या अंकातला मर्टन मॅकस्नर्टल, म्हणजे ‘टेरिफिक व्हॉटझिट’. डीसीचा अतिवेगवान नायक फ्लॅश 1940 मध्ये आला होता, त्याच्यावरचं ते उघड विडंबन. पुढे 1982 मध्ये रॉय थॉमस आणि स्कॉट शॉ यांनी ‘कॅप्टन कॅरट अँड हिज अमेझिंग झू क्रू’ सुरू केलं, तेव्हा ते या जुन्या कासवाला विसरले नाहीत. फास्टबॅक हा त्याचा पुतण्या! जय गॅरिकनंतर बॅरी ॲलन, त्याच्यानंतर वॉली वेस्ट, असा फ्लॅशचा वारसा आपण किती कौतुकाने सांगतो. इथे तोच वारसा कासवांच्या घराण्यात चाललाय. विडंबनाला काका-पुतण्या देणं म्हणजे त्या जगाला इतिहास देणं. नुसता विनोद करायचा असता तर कुणी एवढी तसदी घेतली नसती.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. याच संघाचा नायक कॅप्टन कॅरट ससा आहे. ससा-कासवाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो लगेच शर्यतीची वाट बघणार. पण इथे ससा आहे बळाचा नायक, कॉस्मिक गाजर खाऊन शक्ती मिळवणारा. वेग गेलाय कासवाकडे, आणि दोघं एकाच बाजूने लढतात. तुमच्या मित्राला जो विनोद दिसतो तो पहिल्या चौकटीत संपतोच, हे खरं. त्यानंतर उरतो तो दलदलीतून आलेला, गावरान बोलणारा एक साधा गडी, ज्याच्या अंगात एकाएकी असं काही आलंय जे त्याच्या जातकुळीत कुणी अपेक्षिलंच नव्हतं. चित्ता वेगाने धावला तर त्यात गोष्ट कुठून येणार? तो धावणारच.

रेषा_आणि_शाई:
जुना_गठ्ठा यांचं पटलं, पण काढायला बसल्यावर अडचण येते ती शरीराची. कासवाचं कवच म्हणजे वरून चढवलेलं चिलखत नाही. मणके आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात, म्हणून पाठ वाकत नाही. चित्त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि ताणतो, त्यातून त्याची ढांग लांबते. 1956 नंतर चित्रकार कार्माइन इन्फँटिनोने फ्लॅशला जो पुढे झेपावलेला, लांब ताणलेला आकार दिला, तो कासवाला तसाच लावला तर कवच रबराचं वाटेल.

मी असतो तर धड अजिबात ताणलं नसतं. कवच घट्ट, गोल, स्थिर. सगळी धावपळ पायांत आणि पाठीमागे उडणाऱ्या धुळीत. वेगरेषा कवचाच्या कडेपासून सुरू करा, पायांपासून नको, म्हणजे एवढं जड वजन पळतंय हे जाणवेल. आखूड पाय असल्यामुळे एका चौकटीत पायांच्या चार-पाच प्रतिमा काढता येतात, लांब पायांच्या प्राण्यात तिथे नुसता गुंता होतो.

पाठीवर_घर:
वेगरेषांचं आजच करून बघतो. पण थांबायचं कसं? धावणं दाखवता येतं, ब्रेक दाखवताना माझं पात्र भिंतीला आपटल्यासारखं दिसतं.

रेषा_आणि_शाई:
कवचात शिरवा! डोकं-पाय आत, कवच जमिनीवर घासत जातंय, मागे लांब चर. कासवाची बचावाची सवयच त्याचा ब्रेक होईल. 1991 मध्ये आलेल्या, व्हिडिओ गेममधल्या वेगवान सॉनिकचं उदाहरण घ्या. तो आहे हेजहॉग, आणि साळिंदरासारख्या काट्यांचा हा छोटा प्राणी धावण्यासाठी काही प्रसिद्ध नाही. पण खरा हेजहॉग घाबरला की अंगाचा गोळा करतो, आणि सॉनिकचा हल्ला त्या गोळ्यातूनच आला. खेळातली ती कल्पना 1993 पासून कॉमिकमध्येही उत्तम चालली. प्राण्याची मूळ सवय शक्तीला जोडली की पात्र त्या प्राण्याचंच राहतं.

जुना_गठ्ठा:
हे ब्रेकचं फारच आवडलं. एक भर घालतो. कवचात शिरल्यावर त्याला बाहेरचं दिसत नाही. म्हणजे थांबण्याच्या प्रत्येक क्षणी तुमचा नायक आंधळा असतो. वेगवान नायकांची कायमची अडचण ही, की त्यांच्यापुढे संकट टिकत नाही. लेखकाला मग दर वेळी कुणीतरी आणखी वेगवान शत्रू आणावा लागतो. तुम्हाला ते करावं लागणार नाही. कुठे थांबायचं हे त्याला धावतानाच ठरवावं लागेल, आणि तिथे कोण उभं असेल ते डोकं बाहेर काढल्यावरच कळेल.

आणि हो, झू क्रूच्या 14व्या-15व्या अंकात दुसऱ्या पृथ्वीवरचा प्राण्यांचा संघ येतो. त्यातला फ्लॅशच्या जागेवरचा ‘क्रॅश’ हाही कासवच आहे. दोन वेगवान कासवं एकाच गोष्टीत कशी वेगळी ठेवायची, हे काढणाऱ्याच्या नजरेने बघायला ते अंक मिळाले तर सोडू नका.

पाठीवर_घर:
थांबताना आंधळा! पहिला प्रसंग यावरच घेतो. चित्ता रद्द.