मदत हवी आहे: डिंकाच्या लाडवांची खारीक वाटीने दिलीय, ग्रॅममध्ये किती आणू?

मंडळी, जरा घाईत आहे. बायकोची तारीख पुढच्या महिन्यातली. आईचे गुडघे धरलेत, ती काही बंगळुरूला येऊ शकत नाही, त्यामुळे डिंकाचे लाडू या खेपेला माझ्या गळ्यात पडलेत. तिच्या वहीत आहे ते असं: खारीक पूड 3 वाट्या, सुकं खोबरं किसून 3 वाट्या, बेदाणे अर्धी वाटी, डिंक 1 वाटी, गूळ चिरून 3 वाट्या, खसखस, जायफळ, तूप लागेल तसं. ('लागेल तसं'वर वेगळा धागा काढेन.)

मागच्या महिन्यात सराव म्हणून एक घाणा केला. एक कप म्हणजे 240 एवढं डोक्यात होतं, म्हणून 720 ग्रॅम खारीक आणून सगळी दळून घातली. गूळ मात्र घरातल्या वाटीने घेतला. लाडू वळेचनात. मुठीत दाबले की आकार यायचा, ताटात ठेवले की भुगा. आठवडाभर तो भुगा दुधात घालून खाल्ला.

आईला विचारलं, वाटी म्हणजे नक्की कुठली? म्हणाली, "अरे, आपली नेहमीची."

आता सांगा, वाण्याला काय सांगू?

प्रतिसाद 1
ते 240 मिलिलिटर आहेत हो, ग्रॅम नव्हेत! पाण्यालाच फक्त दोन्ही आकडे सारखे लागतात. सुक्या मेव्यात मध्ये पोकळी राहते. अमेरिकन कृतींतल्या कपात बेदाणे सुटे भरले तर 145 ग्रॅमच्या आसपास बसतात, दाबून भरले तर 165. चिरलेला खजूर साधारण 147, जर्दाळूच्या फोडी 130. म्हणजे ढोबळमानाने मिलिलिटरला 0.6 ने गुणायचं. खोबऱ्याचा कीस फुलका असतो, त्याला 0.35 धरा. आधी आईंची वाटी किती मिलिलिटरची ते काढा, त्याशिवाय सगळं हवेत.

प्रतिसाद 2
खारीक पुडीची वाटी आहे, अख्ख्या खारकेची नाही, हे विसरू नका. बिया जातात, देठ जातात, थोडी पूड मिक्सरच्या भांड्याला चिकटते. थोडी जास्तच आणा. दळण्याआधी उन्हात किंवा मंद आचेवर कडक करून घ्या, नाहीतर पातं अडकतं. आमच्या आजीच्या कृतीत तर 'एक चिपटं खारीक' होतं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, पण शेर गावागणिक वेगळा! तुमची वाटी परवडली.

धागाकर्ता
आईकडे वजनकाटा नाही. तिला म्हटलं, लिटरच्या बाटलीत वाटीने पाणी ओतत जा आणि मोज. सहा वाट्यांत बाटली भरली, म्हणजे वाटी 165 च्या जवळपास. तीन वाट्या पूड म्हणजे 300 ग्रॅम! मी दुपटीहून जास्त घातली होती. आता खारीक 400 आणतो, खोबरं पावणेदोनशे, बेदाणे 50. गूळ इथे त्याच मापाची वाटी शोधून तिनेच घेईन. बरोबर ना?

प्रतिसाद 1
बरोबर. पुडीची वाटी हलक्या हाताने भरा, ठोकून नको. आणि दळून झाली की पूड पुन्हा काट्यावर घ्या, उरली तर डब्यात ठेवा, हात सैल सोडू नका.

धागाकर्ता
शेवटची शंका. डिंक 1 वाटी तो कच्चा की तळून फुललेला? तळल्यावर तो केवढा तरी होतो.

प्रतिसाद 2
आईंनाच विचारा, वही त्यांची.

धागाकर्ता
विचारलं. "कच्चा रे. फुललेला मोजत बसलास तर घरातल्या वाट्या पुरायच्या नाहीत."