वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला : मुदत नेमकी कुठे हुकते?

इंदूरमधल्या बऱ्याच मराठी घरांची देपालपूर, सांवेर, महूकडची शेती अजून आजोबांच्याच नावावर आहे. ज्यांनी भूसंपादनाची प्रकरणं जवळून हाताळली आहेत, त्यांनी मुदतींबद्दल इथे सविस्तर लिहावं. नावाऐवजी आपली वस्ती लिहिली तरी चालेल.

विजयनगर
२०१३ च्या भूसंपादन कायद्यात एकच मुदत नाही. कलम ११ ची, म्हणजे जमीन घेण्याची प्राथमिक, अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस. निवाड्याची, म्हणजे कलेक्टरने मोबदला ठरवून दिलेल्या आदेशाची, रक्कम कमी वाटली तर कलम ६४ खाली अर्ज : निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे, नसाल तर कलेक्टरची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. लोक फक्त 'सहा महिने' लक्षात ठेवतात, घात तिथेच होतो.

महू
सर्वांत मोठं नुकसान होतं ते 'आधी फौती नामांतरण (मृताच्या जागी वारसांची नावं चढणं) होऊ दे' म्हणून थांबल्यामुळे. तहसिलीत नामांतरण रेंगाळतं, मुदत मात्र थांबत नाही. कायदा 'हितसंबंधित व्यक्ती'ला अर्ज करू देतो. खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) तुमचं नाव चढलेलंच हवं असं नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं शपथपत्र, खसरा आणि बी-१ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) ची नक्कल, नामांतरणाच्या अर्जाची पावती एवढं जोडून भू-अर्जन अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वंशावळीत आई आणि लग्न झालेल्या बहिणी आल्याच पाहिजेत. त्यांना वगळलं आणि वाटणीचा वाद उभा राहिला, की पैसा प्राधिकरणाकडे (भूसंपादनाचे वाद निकालात काढणाऱ्या मंडळाकडे) जमा होतो आणि तिथेच अडकतो.

रामबाग
पैसे उचलताना पावतीवर 'निषेध नोंदवून स्वीकारले' असं लिहा. तसं न लिहिता रक्कम घेतली तर कलम ७७ प्रमाणे वाढीव मोबदल्याचा अर्जच करता येत नाही. मुदत पाळूनही हक्क गेला, असं होतं ते या एका ओळीपायी.

सुदामानगर
नोटीस आजोबांच्या नावाने गावच्या पत्त्यावर जाते. ती उशिरा हाती आली तरी पाकीट जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का हाच पुरावा. निवाड्याची तारीख म्हणजे तो संबंधिताला कळला किंवा कळायला हवा होता ती तारीख, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच, १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली, सांगितलं आहे. निवाड्याच्या नकलेसाठी लगेच अर्ज करा.

विजयनगर
मुदत गेलीच असेल तर दोन वाटा. सबळ कारण दाखवलं तर कलेक्टर आणखी एका वर्षापर्यंत कलम ६४ चा अर्ज घेऊ शकतो. उशिराचं कारण कागदानिशी द्या, 'माहीत नव्हतं' एवढ्यावर भागत नाही. दुसरी वाट कलम ७३ : त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढ दिली, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हीही मागू शकता, आधी अर्ज केला नसला तरी. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस या तीन महिन्यांत धरले जात नाहीत. म्हणून शेजारच्या खातेदारांच्या प्रकरणांवर लक्ष ठेवा.

महू
राष्ट्रीय महामार्गाची गोष्ट वेगळी. तिथे १९५६ चा कायदा लागतो : हरकतीला फक्त २१ दिवस आणि रकमेचा वाद लवादाकडे. नोटिशीवर कोणत्या कायद्याचं कलम छापलंय ते आधी वाचा.